मधेच उठून जाण्याची सोय

माझ्या थोरल्या बहिणीने सगळ्या आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. ती मी आधी हसण्यावारी नेली आणि मग समितीपुढे नेली. त्यातलं जास्त वाईट कुठलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"माका भजनातसून मधीच उठान जावक व्हया," असं ती म्हणाली होती.

बहीण माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिला घरात आणि वाडीत सगळे बाय म्हणत. ती दोन वर्षांची असताना तिला ताप आला आणि तो जाताना पायांतली ताकद घेऊन गेला. घरात, अंगणात ती कुबड्यांवर हिंडायची. ओटीवर बसून हाताच्या मशीनवर वाडीतल्या बायकांची पोलकी, परकर शिवायची. तिच्या तोंडी लागण्यापेक्षा उसवलेला सदरा तसाच घालून फिरणारे लोक आमच्या वाडीत होते, त्यात मीही एक.

आमचा गाव मिठबावच्या अलीकडे. भातकापणी उरकली की देवळासमोरच्या मळ्यात भजनाचा मोठा सोहळा व्हायचा. दोन लागोपाठचे रविवार, दुपारी तीनपासून दिवेलागणीच्या आरतीपर्यंत. इतर गावांत दोन बुवांच्या सामन्याच्या डबलबाऱ्या रात्रभर चालत, पण आमच्याकडची वीज काळोख पडला की सासरी गेलेल्या मुलीसारखी कधी येईल सांगता येत नसे, म्हणून आम्ही उजेडातच देवाला आळवून घ्यायचो. लांबलांबची मंडळं येत. मी जामसंड्याच्या शाळेत मास्तर होतो, अक्षर बरं होतं, म्हणून सोहळ्याच्या समितीचा सेक्रेटरी होतो. शिवाय वडिलांनंतर आमच्या गावच्या मंडळाचा बुवाही मीच. मी चांगला गातो, याबद्दल गावात दुमत असेल, पण माझ्यात नव्हतं.

आमच्या घरापासून मळा दोनशे पावलांवर. पण त्या दोनशे पावलांत आधी चुलतकाकाचा दगडी गडगा, त्यावरून चढून उतरायला तीन आडव्या दगडी चिपा. मग व्हाळाचं पाणी, त्यावर माडाच्या दोन सोटांचा साकव. मग मळ्याच्या मेरा म्हणजे उंच बांध, कापलेल्या भाताचे खुंट आणि ढेकळं. कुबड्या घेऊन यातलं काहीच पार होत नसे. म्हणून लहानपणी बाय वडिलांच्या पाठीवरून भजनाला जायची. मोठी झाल्यावर दोन चुलतभाऊ तिला खुर्चीसकट उचलून नेत, खुर्ची मळ्यात ठेवत आणि भज्यांच्या टपरीकडे गडप होत. ते उगवायचे ते आरतीनंतरच.

ही गोष्ट ज्या वर्षीची, ते वर्ष अपंगांचं वर्ष म्हणून जाहीर झालं होतं. आमचा जिल्हाही त्याच वर्षी रत्नागिरीपासून वेगळा झालेला. नव्या जिल्ह्याचा नवा उत्साह, त्यामुळे शाळेत कागद आला की सार्वजनिक कार्यक्रमांत अपंग बंधुभगिनींची सोय करावी. तो मी मोठ्या आवाजात घरी वाचून दाखवला आणि बायला विचारलं, "तुका काय सोय व्हयी ता सांग." तेव्हा तिने ते वाक्य सांगितलं. मी हसलो. आई हसली. बायनेही थोडं हसून मशीनचं चाक फिरवलं, आणि विषय संपला असं मी धरून चाललो.

समितीची सभा देवळाच्या सभामंडपात भरली. आमच्या सभेची एक रीत होती. ठराव मांडताना सगळे पुण्याला शिकल्यासारखं बोलत आणि चहा आला की मालवणीत उतरत. खरे निर्णय चहानंतरच होत. अध्यक्ष जन्मभर जहाजावर काम करून परतलेले गृहस्थ. जगातली कुठलीही वस्तू दोरीने बांधून कुठेही नेता येते, यावर त्यांचा विश्वास होता. मी शुद्ध भाषेत म्हणालो, "अपंग भगिनींना कार्यक्रमाचा आनंद घेता यावा, अशी व्यवस्था व्हावी." गावात कुबड्यांवर चालणारी भगिनी एकच होती, त्यामुळे सगळे माझ्याकडे बघू लागले.

"बायच्या मनात काय आसा?" अध्यक्षांनी विचारलं.

तिच्या मनात काय होतं ते मला माहीत होतं. पण "तिला मधेच उठून जायचं आहे" हे भजनाच्या समितीपुढे सांगायचं कसं? ज्यांनी मंडळं बोलावली त्यांचाच अपमान. मी म्हणालो, "तिला पुढे बसून नीट ऐकायचं आहे."

हे खोटं मी सभ्यपणापोटी बोललो, आणि सभ्यपणापोटी बोललेल्या खोट्याला आमच्या गावात फार लवकर पाय फुटतात. चहा येईपर्यंत तिची पुढची जागा ठरली होती, चहा संपेपर्यंत ती मानाची जागा झाली होती. आमच्याकडे मान ही साधीसुधी गोष्ट नाही. पालखीला पहिला खांदा कुणाचा, नारळ आधी कुणाचा, यावरून भाऊ भावाशी तीन पिढ्या बोलत नाहीत. असला मान मानकऱ्यांनी आपणहून सरकून बायला दिला, हे आठवलं की आजही मला त्या लोकांचं कौतुक वाटतं. फक्त तिला कुणी विचारलं नाही, आणि ज्याने विचारलं होतं त्याने सांगितलं नाही.

पहिल्या रविवारी अध्यक्ष स्वतः खुर्ची घेऊन दारात हजर. तिला दोन वासे बांधलेले, जहाजावरच्या गाठी मारून. वर झेंडूच्या माळा, बाजूला आंब्याचे डहाळे. चार धट्टेकट्टे गडी, डोक्याला पंचे गुंडाळून.

"बाय, तुका आज देवासारख्या नेतलंव," अध्यक्ष म्हणाले.

"देव तरी खंय सोताच्या मनान जाता?" बाय म्हणाली. पण बसली. चार माणसं दारात उभी, त्यांचा उत्साह बघून नाही म्हणणं जड जातं. मिरवत मिरवत ते तिला घेऊन निघाले. साकवाजवळ बाजूच्या गावची एक म्हातारी येत होती. तिला लांबचं दिसत नसावं. तिने चपला काढल्या, बाजूला होऊन हात जोडले. बाय वरून म्हणाली, "आता माझ्यासमोर नारळ फोडूचो तेवढो रवलो." गडी एवढे हसले की खुर्ची व्हाळात जाता जाता वाचली.

मळ्यात तिला पहिल्या रांगेत, मानकऱ्यांच्या मधोमध बसवलं. पुजाऱ्याने गाऱ्हाणं घातलं. गावाची, गुरांची, मुंबईच्या चाकरमान्यांची सगळी काळजी देवाच्या कानावर घालून झाल्यावर तो म्हणाला, "आणि ह्या लेकीन आज तुझ्या दारात मानाची जागा घेतल्यान, तिची सेवा गोड करून घे रे म्हाराजा!" सगळ्या मळ्याने "व्हय म्हाराजा" म्हटलं. मीही म्हटलं, आणि सगळ्यांत मोठ्याने.

म्हणताना माझ्या लक्षात आलं नाही ते असं की गाऱ्हाण्यात ज्याचं नाव निघालं तो मानकरी आरती होईपर्यंत जागेवरून हलत नाही. हलला तर अपशकुन. इतके दिवस बायला हलता येत नव्हतं ते रस्त्यामुळे. आता आम्ही देवाचीही सही घेतली होती.

त्या दिवशीचे पाहुणे बुवा लांबून आले होते. त्यांचा आवाज होता, पण तो कुठे थांबवायचा हे त्यांना गुरूने शिकवलं नव्हतं. "आता शेवटचा अभंग" असं त्यांनी चार वेळा सांगितलं. पहिल्या शेवटच्या अभंगाला मागची रांग चहाला गेली. दुसऱ्याला पुरुष माणसं विड्या ओढायला माडांत गेली. तिसऱ्याला बायकांना एकाएकी घरची गुरं आठवली. खुद्द अध्यक्ष "जरा साउंडवाल्याक बघून येतंय" म्हणून गेले ते गेलेच. मी सेक्रेटरी, मला शंभर कामं, मी केव्हाच स्टेजमागे भजी खात होतो. पहिल्या रांगेत बाय आणि दोन बहिरे मानकरी एवढेच उरले. बुवा तिच्याकडे बघून गायले. आपला एक तरी दर्दी श्रोता जागचा हलत नाही, याचं त्यांना भरून आलं असावं. शेवटी त्यांनी माइकवरून तिचे आभार मानले.

आरतीनंतर मिरवणूक परत घरी आली. बाय खुर्चीवरून उतरली ती कुबड्या टेकत तडक मागीलदारी गेली. परत आली आणि तांब्याला तोंड लावून घटाघटा पाणी प्यायली. एक तांब्या संपवला, दुसरा मागितला.

"इतक्या पाणी?" मी म्हणालो.

"सकाळपासून थेंब घेवक नाय," ती म्हणाली. "भजनाच्या दिवशी मी पाणी पिणंय नाय. मधीच लागला तर माका कोण आणतलो?"

"कधीपासून?"

"बाबांच्या पाठीर जाय होतंय, तेवापासून."

मी तिच्याबरोबर सव्वीस वर्षं एका घरात राहिलो होतो. तिच्या पानातला घास मी खाल्ला, माझ्या परीक्षांना तिने उपास केले, आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती. मला लाज वाटली. नुसती लाज नाही, राग आला, आणि नेहमीप्रमाणे तो मी तिच्यावरच काढला. "मग सांगूक काय झाला होता?"

"सांगलंय नाय?" ती म्हणाली. "मधीच उठान जावक व्हया म्हणान सांगलंय. तू हसलंस."

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांच्या घरी जाऊन खरं काय ते सांगितलं. त्यांना आधी वाईट वाटलं. मग ते चिडले. "दिललो मान परत करता? असा कधी आयकलंस?" मग त्यांनी पाण्याची गोष्ट ऐकली. जहाजावर पाण्याचं रेशन काय असतं हे त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "देवाक इचारुया."

म्हणून देवाला कौल लावला. पुजाऱ्याने मूर्तीला फुलांचे कळे चिकटवले आणि विचारलं, बायचा मान काढून घेतला तर चालेल का? उजवीकडचा, म्हणजे होकाराचा, कळा जवळजवळ प्रश्न संपायच्या आधीच पडला. देवाला एका मिनिटात जे कळलं त्यासाठी आम्हाला सहा माणसं आणि दोन किटल्या चहा लागला होता.

बायने आपली आपण यायचं-जायचं तर वाट हवी, म्हणून मग वाटेचं काम निघालं. पहिली अडचण गडग्याची. चुलतकाका माणूस देवभोळा, पण गडग्याच्या बाबतीत कोर्टाच्या पायऱ्या चढलेला. "गडगो फोडलो तर वहिवाट पडता," ते म्हणाले. म्हणजे आज बाय जाईल, उद्या तिच्यामागून शेळ्या जातील, परवा आमची नातवंडं हक्क सांगतील. त्यांचंही चूक नव्हतं, आम्ही सांगितलाच असता. अखेर देवळात उभं राहून तोड निघाली: ही वाट बायच्या दोन कुबड्यांची, तिच्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. काकांनी स्वतः पहिला दगड काढला.

किती रुंद फोडायचा, यावर वाद सुरू झाला. अध्यक्ष म्हणाले दोन हात, काका म्हणाले दीड हात पुरे. हे सगळं आमच्या ओटीसमोर चाललं होतं आणि ओटीवर बाय पोलक्याला काज करत बसली होती. बऱ्याच वेळाने तिने गळ्यातला टेप काढून माझ्याकडे फेकला. "माका मोज," ती म्हणाली. ती अंगणात कुबड्या टाकत चालली आणि मी मागून माप घेतलं. तीन हातांना थोडं कमी. मग ती साकवापर्यंतच्या कामावर मुकादम झाली. हयसर उतार जास्त झालो, थयसर दगड वर इलो. आठवडाभर ती जेवढं बोलली तेवढं मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं, आणि एकही वाक्य गोड नव्हतं.

मळ्यापर्यंतची जमीन, मेरांसकट, आम्ही खळं करतो तशी केली. माती ओली करून चोपण्यांनी चोपली, वर शेणाने सारवली. साकवावर जुन्या होडीच्या फळ्या टाकल्या आणि एका बाजूला बांबू धरायला बांधला. अध्यक्षांनी हट्टाने बायच्या कुबड्या घेऊन वाट तपासायची ठरवलं. जन्मभर डुलत्या जहाजावर उभा राहिलेला माणूस, पंधराव्या पावलाला व्हाळात बसला. गुडघाभर पाण्यातून ते ओरडले, "फळी निसरडी आसा, काथ्यो मारा!" तेव्हा फळ्यांवर सुंभ गुंडाळून खिळे ठोकले.

दुसऱ्या रविवारी बाय जेवताना दोन तांबे पाणी प्यायली, वर चहाही प्यायली. मग नवं पातळ नेसून निघाली. कुणी मागे-पुढे यायचं नाही अशी तिने तंबी दिली होती, म्हणून मी, आई आणि अध्यक्ष फणसाच्या आडून बघत होतो. सगळी वाडी कुठल्या ना कुठल्या झाडाआड उभी होती. ती गडग्यातून गेली. साकवावर थांबली, बांबू धरून खाली पाणी बघितलं. वडिलांच्या पाठीवरून तिने ते नीट बघितलं नसावं. मग मळ्यात गेली आणि शेवटच्या रांगेत कडेला, बायकांमध्ये बसली. आईने डोळे पुसले. अध्यक्षांनीही पुसले आणि धूळ फार म्हणाले.

ती पोचल्यावर तिच्यामागून बायची म्हणून ठरलेल्या वाटेने आणखी कोण कोण आलं ते सांगायला नको. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या आल्या, पोटुशी सून आली, चहावाला डोक्यावर टोपलं घेऊन आला, आणि शेवटी इकडेतिकडे बघत चुलतकाका आले.

तीन मंडळं झाली. तिसरं फारच सुमार होतं. मी स्टेजच्या बाजूने बायवर नजर ठेवून होतो. आता उठेल, मग उठेल. ती उठली नाही. मग आमच्या मंडळाची पाळी आली. मी पेटी पुढे ओढली आणि मनात म्हटलं, आज बायसाठी गायचं. गजर झाला. अभंग सुरू केला. दुसऱ्या कडव्यात मी माझी ठेवणीतली वरची तान घेतली, डोळे मिटून. उघडले तेव्हा बाय उभी होती. तिने कुबड्या काखेत घेतल्या, शेजारणीला काही सांगितलं, आणि पाठ फिरवून चालू लागली.

माझा ताल गेला. पखवाजवाल्याने माझ्याकडे असं बघितलं की अजून आठवतं. निम्मा मळा वळून तिच्याकडे बघत होता, उरलेला निम्मा माझ्याकडे. अध्यक्ष तिच्या मदतीला उठले. तिने मान हलवून त्यांना बसवलं. ती सावकाश, एकेक कुबडी टाकत, पूर्ण दोनशे पावलं गेली आणि तोवर मी बेसूर गात राहिलो.

घरी आलो तेव्हा ती ओटीवर पाय लांब करून चहात खापरोळी बुडवून खात होती. आमच्याकडे ती नारळाच्या रसात बुडवतात, पण तिची तऱ्हाच वेगळी.

"मी गात होतंय," मी म्हणालो. माझा आवाज थोडा रडका लागला असावा.

"म्हणान तर इलंय."

"तिसऱ्या मंडळाक उठूक नाय! ते माझ्यापेक्षा बरे?"

"वाईट होते," ती म्हणाली. "पण परकी माणसा. त्यांच्यातसून उठणा बरा दिसता? पयल्यांदा उठूचा तर आपल्या माणसातसून उठूचा." मग तिने खापरोळीचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "आणि ती तान सोड. बाबा तशे ओरडत नसत."

मी त्या रात्री जेवलो नाही. माझी आजवरची समजूत अशी होती की बाय माझं एकही भजन अर्ध्यावर सोडून उठत नाही, म्हणजे मी काहीतरी आहे. त्या जोरावर मी जामसंड्यापासून रेडीपर्यंत पेटी मिरवली होती. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही, तिसऱ्या दिवशी उरलेला एकमेव धड सदराही उसवला म्हणून बोलावं लागलं.

वाट दर वर्षी भातकापणीनंतर नव्याने चोपायची आणि सारवायची, असं ठरूनच गेलं. काकांनी वहिवाटीचं नाव पुन्हा काढलं नाही. आणि दर वर्षी बाय यायची, बाकीची मंडळं बसून ऐकायची, आणि मी गायला लागलो की कधी पहिल्या कडव्याला, कधी दुसऱ्याला उठून जायची. गावाला त्याची सवय झाली. पैज लावणारेही होते. मी ती तान सोडली. नंतर आणखीही बरंच सोडलं, आणि जे उरलं ते हळू गायला शिकलो, कारण ती नक्की कुठे उठते ते मला डोळे उघडे ठेवून बघायचं असायचं.

पाचव्या की सहाव्या वर्षी मी अभंग संपवला आणि शेवटच्या रांगेकडे बघितलं तर बाय जागेवर होती. गजर झाला, दुसरा अभंग झाला, तरी होती. स्टेजवरून उडी मारून, पेटी तशीच टाकून मी माणसांतून धावत तिच्यापाशी गेलो.

"बाय, काय झाला? साकव मोडलो? कुबडी तुटली?"

"साकव बरो आसा," ती म्हणाली. "आज बरा गायलंस."